आधी भरा, मंग हाक मारा

बियाण्याच्या पाकिटावरच्या शाईचा वास आला की मला बदनापूरकडचं बियाणं भरायचं ते शेड आठवतं. मी तिथं चहा विकायचो, आन माझी पुतणी पाकिटं छापायच्या मशीनचं आतलं सॉफ्टवेअर लिहायला आल्ती. मशीन मधी-मधी कपाशीच्या पाकिटावर आधीच्या तुरीचं नाव छापून राह्यलं होतं. शेडचे शेठ म्हणले, "बेटा, सांजेपर्यंत बराबर न्हाई झालं तर मशीन वापस." पोरीचं तोंड उतरलं. गिऱ्हाईक हलू नये म्हणून कप भरायच्या आधीच "चहा झाला" म्हणायची माझी खोड. त्या दिवशीबी तशीच हाक मारली, कामावरच्या बाया जल्दीत आल्या आन कपातलं विसळणीचं पाणी पिऊन मला शिव्या घालाय लागल्या. पुतणी हसली आन एकदम मशीनकडं वळली. "काका, मशीनमधला प्रोसेसर तुमच्यावाणीच करून राह्यला. नवं नाव मेमरीत पोचायच्या आधीच प्रिंटरला हाक मारतो, मंग तो जुनंच उचलतो." तिनं मधी एकच ओळ टाकली: लिहिलेलं पोचल्याबिगर हाक मारायची न्हाई. मंग सांजेपर्यंत एकबी पाकीट चुकलं न्हाई. शेठनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझीच छाती फुगली. प्रोसेसर एका ओळीत सुधरला. माझ्या टपरीवर मातर बाया आजबी कपात डोकावल्याबिगर हात लावत न्हाईत.