फोटोत रंग कुठं दिसते

वडील चैत्रात गेले आणि पेन्शनीसाठी आईचा फोटो लागेल, असा निरोप कचेरीतून आला. घरात आईचा फोटो म्हणजे लग्नातला एक, त्यात ती मुंडावळ्यांखाली अर्धी झाकलेली. तो काय कामाचा? सीताबर्डीवरच्या फोटोवाल्याकडे वेळ विचारायला मला पाठवलं. त्यानं आपणहून सांगितलं, "बाईंना म्हणा, पांढरं नेसून येऊ नका. पांढऱ्यात चेहरा काळा येते. गडद काही तरी पाहिजे." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

आमच्या घरी आत्याबाई होती, वडिलांची थोरली बहीण. परकर नेसायच्या वयात विधवा होऊन माहेरी आलेली, सगळा जन्म पांढऱ्या लुगड्यात गेलेला. आईच्या रंगीत साड्या पेटीच्या तळाशी तिनंच घातल्या होत्या आणि त्यावरून मला तिचा मनस्वी राग होता. आई पस्तिशीची तरी होती का तेव्हा! पण घरात आत्याबाईच्या शब्दापुढे कोणाचं चालत नसे.

आई तांदूळ निवडत बसली होती. हात न थांबवता आत्याबाईला म्हणाली, "बाई, ती मोरपंखी नेसू का?"

मोरपंखी साडी वडिलांनी संक्रांतीला इतवारीतून आणली होती. सुती, जांभळ्या रेशमी काठाची. आईनं तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. वटसावित्रीला नेसीन म्हणून ठेवली, आणि ज्येष्ठ उजाडायच्या आत वडील गेले. नवऱ्यानं आणलेली शेवटची साडी तिच्या अंगाला एकदाही लागली नव्हती. फोटोचं निमित्त होतं, तिला ती एकदा नेसायची होती, एवढंच.

आत्याबाई म्हणाली, "मोरपंखी? काहून वं?"

"फोटोत रंग कुठं दिसते, बाई. काळंच येते सगळं."

"फोटोत नाही दिसत. रस्त्यात दिसते."

मी चिडून म्हटलं, "मग येऊ दे आईचा चेहरा काळा, कचेरीतले लोक घाबरतील अन् पेन्शन लवकर देतील." आत्याबाई म्हणाली, "तू मधात मधात बोलू नको." आईनं तांदळाचं सूप उचललं आणि आत गेली. तिनं पुन्हा विषय काढला नाही. ती कधीच दुसऱ्यांदा मागत नसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो, तर आत्याबाईनं माझ्या हातात भाजीची पिशवी दिली. वर कोथिंबिरीची जुडी होती. मी म्हटलं, फोटो काढायला जाताना कोथिंबीर कशाला? तिनं जुडी जरा बाजूला केली. खाली मोरपंखी साडी होती, तिच्यावर आईचं जुनं जांभळं पोलकं.

"तिथंच नेसायची अन् तिथंच सोडायची," ती आईकडे न पाहता म्हणाली. "कोणी इचारलं त बजारात जाऊन राहिलो म्हणा."

आईनं वाकून तिला नमस्कार केला.

फोटोवाल्याकडे कापडी पडद्यामागे एक आरसा होता. आई पडद्यामागून बाहेर आली तेव्हा मला माझी आई दिसली, चैत्राच्या आधीची. इतकी सुंदर दिसत होती की मला रडू आलं. खुर्चीवर बसताना सवयीनं तिचा हात कुंकू सारखं करायला कपाळाकडे गेला आणि तसाच खाली आला. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरासं हसा." तिनं मनापासून प्रयत्न केला.

मग ती पुन्हा पडद्यामागे गेली. घरी पोचेस्तोवर कोथिंबीर पार सुकली होती. आत्याबाईनं तिचीच चटणी वाटली आणि साडी पुन्हा पेटीच्या तळाशी गेली. आई नंतर पुष्कळ वर्षं जगली, पण ती साडी पुन्हा नेसली नाही.

आई गेली तेव्हा भावाला सावनेरकडे नोकरी होती. फोटोच्या वेळी तो कुहीला मामांकडे शिकायला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. भिंतीवर लावायला त्यानं तोच फोटो मोठा करायला काढला. तेव्हा काळ्यापांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरून देत. रंगवणारा घरी आला आणि त्यानं विचारलं, "साडी कोणत्या रंगाची?"

"पांढरी करा," भाऊ म्हणाला. "वडील गेल्यावरचा फोटो आहे."

खाटेवरून आत्याबाई म्हणाली, "मोरपंखी आहे ती. काठ जांभळे."

"पण आत्याबाई, लोक..."

"तुह्या बापानं आणली होती. मीच पिशवीत भरून दिली."

आई मोरपंखी होऊन भिंतीवर आली. वर्षश्राद्धाला आलेल्यांनी नाकं मुरडली, आत्याबाईनं लक्ष दिलं नाही. माझा इतक्या वर्षांचा राग तिथंच संपला.

पुढे काही वर्षांनी ती मला म्हणाली, "माहा बी एक फोटो काढून ठेव वं. मेल्यावर धावाधाव नको." तिचा एकही फोटो नव्हता, लग्नातलासुद्धा. मी फोटोवाला घरीच बोलावला आणि तिला विचारलं, काय नेसतेस? पेटीत सगळी पांढरी लुगडी.

"ती हाये का?" तिनं विचारलं. कोणती, ते सांगावं लागलं नाही. साडी मी जपून ठेवली होती.

"नेसवू नको. खांद्यावर टाक नुसती. अन् दार लोटून घे."

मी दार लोटलं. ती खाटेवर ताठ बसली. काठ चिमटीत धरून चाचपत होती. फोटोवाला नवीन पोरगा होता, कॅमेरा डोळ्याला लावत होता.

"यात रंग दिसते का गा?" तिनं विचारलं.

"दिसते ना आजी," तो ऐटीत म्हणाला. "कलर आहे. एकदम असली रंग येते."

आत्याबाईनं साडी खांद्यावरून काढली, मांडीवर नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मग पांढऱ्यातच काढ," ती म्हणाली.

फोटो चांगला आला. मागची भिंत हिरवी दिसते, खाटेवरची सतरंजी लाल.