विहीर उपसण्याचा ठेका

त्या ठेकेदाराचं नाव मी आजही तोंडी येऊ देत नाही. एकोणीसशे तीसच्या सुमारास रत्नागिरीच्या बंदराकडे नवा बाजार बांधायचा ठरला आणि जागा मोकळी करायला म्युनिसिपालटीनं आमच्या आळीच्या टोकाची पडकी घरं पाडायला काढली. तेव्हा त्या कामाचा ठेका घेऊन हा माणूस उगवला. घरं गेली त्याचं मला वाईट वाटलं नाही, त्यांत कोणी राहतच नव्हतं. पण दगडमाती गावाबाहेर नेऊन टाकायची होती आणि बैलगाड्यांचं भाडं वाचावं म्हणून यानं ती सगळी आमच्या विहिरीत लोटली. आम्ही बायका बाजारातून परत येऊन बघतो तर विहीर तोंडापर्यंत बुजलेली!

खाडीच्या इतक्या जवळ गोडं पाणी असलेली ती एकच विहीर. बाकीच्या मचूळ, भांडी घासण्यापुरत्या. तो सगळा उन्हाळा पोटुशी असताना मी वरच्या आळीतून हंडे वाहिले, आणि तिथल्या बायकांचे टोमणे ऐकले ते वेगळेच.

आम्ही आरडाओरडा केला. म्युनिसिपालटीचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून बघून गेले आणि विहीर उपसण्याचं काम मंजूर झालं. मिळालं कोणाला? त्यालाच! ज्यानं बुजवली तोच आता ती उकरायचे पैसे खाणार. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

पैसे मिळायचे खोलीच्या मापानं. त्यामुळे दगडमाती संपून जुना तळाचा कातळ लागला तरी पहारी काही थांबेनात. माझ्या सासूबाई माहेरच्या जयगडच्या, खाडीकाठी वाढलेल्या. त्या काठावर उभ्या राहून ओरडल्या, “आनखी खाली जाव नका वो! खारा पानी लागंल!”

ठेकेदार छत्रीखालून हसला. “आजी, विहीर जितकी खोल, तितकं पाणी जास्त.”

पाणी जास्त लागलं खरं. कातळ फुटला आणि खाडी आत आली. साहेबांनी पाण्यानं भरलेली विहीर पाहिली आणि काम पसंत केलं. चाखून बघायची तसदी कोण घेतो?

वर आणखी निरोप आला, की विहीर खुली करायच्या समारंभाला आळीनं पाहुण्यांना आमसुलाचं सरबत द्यावं. सरबत! मी म्हटलं, यांच्या तोंडात माती घालते. सासूबाईंनी मला गप्प केलं आणि सरबत स्वतः केलं.

म्युनिसिपालटीच्या हार घातलेल्या अध्यक्षांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ठेकेदार लगबगीनं पुढे झाला. “काय हो आजी, मीठ केवढं घातलंत!”

“मीठ नाय घातला,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या इहिरीचाच पानी हाय ता.”

अध्यक्षांनी चूळ भरायला गोडं पाणी मागितलं. मी रिकामी कळशी त्यांच्यापुढे ठेवली आणि वरच्या आळीची वाट दाखवली.