आत्याच्या धवल्यातली मोकळी जागा

रेडिओला तोंड आहे पण कान नाहीत, असं आमचे आजोबा म्हणायचे. आणि ज्याला नुसतं तोंडच आहे त्याच्याशी सोयरीक करू नये, हेही लगेच जोडायचे. बाबांना हे ऐकून राग यायचा. माजिवड्याला आमची भातशेती आणि खाडीकडेला मिठागर. त्या मिठातून उठून ठाण्याला शिकलेला आणि शाळामास्तर झालेला आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे बाबा. गावात रेडिओ आणणारेही तेच पहिले. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण आमच्याकडे वीज नव्हती. रेडिओ चालायचा मोटारीत असते तसल्या जड बॅटरीवर, आणि ती बॅटरी भरून आणायला बैलगाडीतून ठाण्याच्या टेंभी नाक्यापर्यंत न्यावी लागायची. अंगणात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तार ताणली होती. ती तार कपडे वाळत घालायला नाही, हे आईला समजवायला बाबांना बरेच दिवस लागले.

पहिल्या संध्याकाळी आख्खी आळी ओसरीवर जमली होती. बराच वेळ नुसती खरखर झाली आणि मग एकदम एका पुरुषाचा आवाज आला, स्वच्छ, अगदी कानाशी. बोलता बोलता त्याने घसा खाकरला, तशी आईने आणि शेजारच्या बायांनी झटकन पदर डोक्यावर घेतला. परका माणूस घरात आला होता ना! मला हसू आलं, पण अंगावर काटाही आला. मुंबईत कोणीतरी खाकरतो आणि आमच्या ओसरीवर पदर हलतो, याहून मोठा चमत्कार मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर अजूनही पाहिलेला नाही.

बाबांना त्या पेटाऱ्यात सगळं जग सुधारलेलं दिसायचं. "मुंबईतला विद्वान बोलेल आणि आपल्या बाया चुलीपुढे बसून ऐकतील. दहा वर्षांनी या गावात अडाणी माणूस शोधून सापडणार नाही. आणि एकदा सगळे देश एकमेकांचं ऐकायला लागले की लढाया कशाला होतील?"

आजोबा विडी विझवत म्हणायचे, "याला तोंड हाय, कान नाय. उंद्या मानसं पन आशीच व्हतील. सगली बोलतील, आयकनार कोन?"

मी तेव्हा लग्नाच्या वयाची झाले होते आणि मला दोघांचंही पटायचं. त्यामुळे दोघांचीही बोलणी खायचे.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, गावातच दिलेली. ती धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर; आधी मांडवात धवलारीण बसते आणि धवले गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते. धवला सुरू झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. गाण्याची रीत अशी की धवलारणीने एक ओळ सांगायची आणि भोवती बसलेल्या बायांनी तीच ओळ उचलायची. बाया गात असतील तेवढा वेळ ती श्वास घेणार, पुढची ओळ मनात जुळवणार. ओळ संपली की आत्या उजव्या हाताने बायांना हलकेच खूण करायची, जेवताना "घ्या, घ्या" म्हणतो तशी. लहानपणापासून मी तिच्याकडून एकच ऐकत आले होते: "तुझ्या हलदीला मीच बसनार, बाय." माझं लग्न शहाडला ठरलं, तेव्हा मला सासरचं काही विशेष वाटलं नाही. आता आत्या माझा धवला सांगणार, याचाच आनंद जास्त.

त्याच सुमाराला बाबांच्या ओळखीने रेडिओवाल्यांपर्यंत आत्याचं नाव पोचलं. गावकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांना धवला हवा होता. बाबांनी तिला मुंबईला नेलं. तिथे काय घडलं ते बाबा पुढे कित्येक दिवस जेवताना सांगत असत. काचेच्या खोलीत तिला एकटीला बसवलं. तिने एक ओळ म्हटली, हाताने खूण केली आणि गप्प बसली. मग पुढची ओळ, परत गप्प. आतला साहेब धावत आला.

"बाई, मध्ये मध्ये थांबू नका. ऐकणाऱ्यांना वाटेल यंत्र बंद पडलं."

"मंग बाया कवा गातील?"

"इथे बाया नाहीत हो."

"हितं नाय. घरा हायत ना."

साहेबाने कपाळाला हात लावला. आत्याने तीन-चारदा प्रयत्न केला, पण ओळ संपली की तिचं तोंड आपोआप मिटायचं. शेवटी साहेब म्हणाला, "असू द्या, मधलं मोकळं आम्ही मागाहून कापून टाकू."

गंमत पुढेच आहे. आत्या घरी आली ती थेट आमच्या ओसरीवर. जमलेल्या बायांना तिने विचारलं, "गायलाव ना बराबर तुमी?"

आम्ही कुठे काय गायलो होतो! तिला वाटलं होतं, तिने काचेच्या खोलीत ओळ म्हटली की त्याच क्षणी ती आमच्या ओसरीवर येणार आणि आम्ही ती उचलणार. म्हणून बिचारी आमच्यासाठी थांबली होती. बाबांनी समजावलं की आवाज तिथे भरून ठेवलाय, तो नंतर कधीतरी ऐकवतील. आत्याचा चेहरा पडला.

"म्हंजे माझा आवाज थयाच ऱ्हायला?"

आम्ही हसलो. महिन्याभरात ते हसू आमच्या अंगाशी आलं. एका सकाळी तांदूळ पाखडता पाखडता आत्या कलंडली. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी अर्धांगवायू म्हटलं, पण आळीतल्या बायांना कारण आधीच सापडलं होतं. पेटाऱ्याने आवाज ठेवून घेतला, आता तो परत कसला देतोय! माझी आई शहाणीसुरती बाई, तीही रेडिओसमोरून जाताना तोंडावर पदर धरायला लागली. आजोबांनी बाबांशी बोलणं टाकलं. सगळे देश एकमेकांचं ऐकणार होते, आणि आमच्या घरात बाप मुलाचं ऐकेना. बाबा त्या दिवसांत इतके खचले होते की बॅटरी उतरली तरी भरून आणायला कोणाला सांगेनात.

मी खाटेपाशी बसून आत्याला पेज भरवायचे. ती डाव्या हाताने माझ्या गालाला हळद लावल्यासारखं करायची आणि मग डोळ्यांतून पाणी काढायची. तिला काय म्हणायचंय ते मला कळायचं. माझ्या हळदीला तिचा धवला होणार नव्हता.

आणि रेडिओवाल्यांनी बाबांना कळवलं की वैशाखात अमुक संध्याकाळी धवला ऐकवणार. माझ्या हळदीनंतर दोन दिवसांनी! त्या क्षणी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. लग्नाच्या मुलीने बोलायचं नसतं, पण मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं: हळद लागेल तर आत्याच्याच आवाजात, नाहीतर मला हळदच नको. आईने गप्प बसायला सांगितलं, मी बसले नाही. बाबा मात्र कितीतरी दिवसांनी ताठ उभे राहिले आणि शहाडला जाऊन हळद-लग्न दोन्ही पुढे ढकलून आले, बॅटरीही भरून आणली. व्याही म्हणाले म्हणे, "पावसासाठी लग्न हलवलेलं ऐकलं होतं, रेडिओसाठी हलवणारे तुम्हीच." आजोबा भिंतीकडे बघून पुटपुटले, "आता मुहूर्त पन ह्योच काढनार."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाटावर मी, समोर स्टुलावर रेडिओ, आणि त्याच्या शेजारी खाटेवर उशांना टेकवून बसवलेली आत्या. बाया आल्या, पण रेडिओपासून दूर, एकमेकींना चिकटून बसल्या. आजोबा मांडवाच्या टोकाला पाठमोरे. बाबांचा हात रेडिओच्या खुंटीवर. मला एकच धास्ती होती: साहेबाने मधलं मोकळं कापलं असेल तर? ओळीला लागून ओळ आली तर बायांनी उचलायची कुठे? धवला म्हणून तो मांडवात धरताच आला नसता.

निवेदकाने काहीतरी सांगितलं आणि मग आत्या गायला लागली.

ती तिथे खाटेवर मुकी बसली होती आणि हातभर अंतरावर ती गात होती. तोच जाडसर, वरच्या सुराला जरा फाटणारा आवाज. गावदेवीला बोलावणारी पहिली ओळ. ओळ संपली आणि पेटारा गप्प झाला.

गप्पच राहिला. साहेबाने कापलं नव्हतं.

बाया थिजून बसल्या होत्या. ती शांतता फुकट चालली होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पुढची ओळ आली, खाडीला बोलावणारी, तीही संपली. इतक्यात आत्याचा डावा हात उशीवरून उठला. थोडा पुढे आला आणि त्याने बायांना खूण केली. घ्या, घ्या.

पहिल्यांदा आईने ओळ उचलली. मग सगळ्यांनी. आणि बायांचा सूर जिथे संपला, बरोबर तिथे रेडिओतून पुढची ओळ आली. ना आधी, ना नंतर. त्या काचेच्या खोलीत बसून तिने आम्हाला मनातल्या मनात पुरतं गाऊ दिलं होतं, प्रत्येक ओळीला. मुंबईत बसून ती आमची वाट पाहत होती आणि आम्ही आत्ता पोचलो होतो. माझ्या अंगाला हळद लागत होती आणि मी हमसाहमशी रडत होते. त्यानंतर मी माणसं चंद्रावर गेल्याचंही ऐकलं, पण तेव्हा अशी थक्क झाले नाही.

आजोबा हळूहळू वळून बसले होते.

पण रेडिओचं घड्याळ निराळं. अर्ध्या देवांना बोलावून झालं आणि आत्याचा आवाज मावळला. निवेदकाने आभार मानले आणि भाताची रोपं टाकायच्या जमिनीवर राब कसा भाजावा, यावर दुसरा कोणी बोलायला लागला. देव अर्ध्या वाटेवर, हळद अर्धी लागलेली. असा अर्धा धवला कोणी टाकत नाही. बाबांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा आईने पुढची ओळ सांगितली. जन्मभर नणंदेच्या मागून ओळ उचलणारी माझी आई. तिने स्वतः ओळ सांगितल्याचं कोणी कधी ऐकलं नव्हतं. ओळ संपली, आणि बायांनी ती उचलली तेव्हा त्यांच्यात एक आवाज जास्त होता. घोगरा, बिनशब्दांचा, नुसता सूर. आत्या गात होती. शब्द परत आले नव्हते, पुढे कधी आलेही नाहीत, पण सूर अचूक होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती ओळ सांगणाऱ्यांत नव्हती, उचलणाऱ्यांत होती.

रेडिओवर राबाचं चालूच होतं. आजोबा उठले, स्टुलाशी आले. त्या पेटाऱ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. खुंटी उलटी फिरली, राबवाला केवढ्याने तरी ओरडला, बाया दचकल्या. मग सुलटी फिरवून त्यांनी तो बंद केला. आणि तिथेच जमिनीवर, स्टुलाला टेकून, ते ऐकत बसले.