तांबूचा कौल

जनावरांवर जीव लावणारी माणसं आमच्याकडे वाडीवाडीत सापडतील, पण जनावराला विचारल्याशिवाय घरातलं एक पानही हलू न देणारा माणूस सबंध रत्नागिरी जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. वडील गेल्यावर त्यांनी मला आपल्या घरी आणलं. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा मला वाटलं, आता हे हाकलणार. ते मला काहीच बोलले नाहीत. गोठ्यात जाऊन तांबू गाईला म्हणाले, "ह्याचं पुस्तकाशी जमलं नाही गो. तू तर त्याचा भूगोल खाल्लास, तुला तरी काय आला?" त्या एका वाक्यावर मी आजही उभा आहे.

थंडीत भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. दिवसभर कातळावर हिंडून ती दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी येतात. त्या वेळी आतोबा कानटोपी घालून कुंपणाच्या फाटकाशी उभे. ह्या फाटकाला आम्ही बेडं म्हणतो. बैलाला "या दाजी", मांजरीला "आली पावणी, जेवायच्या वेळेला बरोब्बर", आणि कुत्र्याला "काय वकीलसाहेब", कारण तो दोन्ही बाजूंनी भुंकायचा. सगळी मंडळी आत आल्याशिवाय बेडं घालायचं नाही आणि घरात ताट वाढायचं नाही, हा कायदा. एकदा हेदवीहून पावणे आतेबहिणीला बघायला आले आणि नेमकी त्याच संध्याकाळी एक कोंबडी कमी भरली. पावणे ओटीवर भुकेले बसलेले आणि आतोबा करवंदीच्या जाळीत वाकून हाका मारतायत. शेवटी कोंबडी सापडली ती पावण्यांच्याच पिशवीत, अंडं घालायला बसलेली. आतोबा हात जोडून म्हणाले, "पिशवी राहू दे इथंच. ती उठली की पाठवून देतो." लग्न तरीही जमलं, हे हेदवीकरांचं मोठेपण.

मग अंगणात शेकोटी पेटायची. कोणी फारसं बोलायचं नाही. पाचोळ्याचा धूर, आत्याच्या भाकरीचा वास, आणि गोठ्यातून तांबूच्या रवंथाचा संथ आवाज. तो सुरू झाला की आतोबा म्हणत, "आता घर स्वस्थ झालं." तेव्हा मला वाटायचं, ह्यात ऐकण्यासारखं काय आहे?

लोक देवळात कौल लावतात. आतोबा तांबूला लावत. तिच्यापुढे पेंढ्याच्या दोन मुठी ठेवायच्या, उजवी आणि डावी, आणि ती जी चावेल तो निर्णय. नुसतं चाटलेलं धरायचं नाही. छपराची कौलं परतायची की नाही, विहिरीचा गाळ यंदा काढायचा की पुढल्या वर्षी, सगळं तिच्याच तोंडी. माझाही कौल तिनेच दिला. डावी मूठ म्हणजे जयगडला बंदरावर काम आणि रोज संध्याकाळी घरी. उजवी म्हणजे मस्कतच्या हॉटेलातला भटारखाना. ह्यांच्या जिवावर आणखी किती दिवस जेवायचं, ह्याची मला रोजची धास्ती होती. मला जायचंच होतं. आतोबा हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी उजव्या मुठीला गूळ चोळून ठेवला. तांबूने ती अशी संपवली की आतोबा नुसते बघत राहिले. "जा मग," म्हणाले.

त्याला चार वर्षं झाली. थंडी हा इथे मस्कतला गिऱ्हाइकाचा हंगाम, त्यामुळे रजा मिळते ती मे महिन्यात, गोठा तापलेला असताना. चार हिवाळ्यांत एकही शेकोटी माझ्या वाट्याला आली नाही. तिकडे दिवेलागण होते तेव्हा इथे ऊन असतं. रोज त्या वेळी आतोबांचा फोन येतो. पाच मिनिटं उशीर झाला तरी माझ्या हातातला कांदा तसाच राहतो. फोनवर ते स्वतः कधी दिसत नाहीत, जनावरं दाखवतात.

परवा तांबू दिसली. बरगड्या वर आलेल्या. पुढ्यात पेंढ्याच्या दोन मुठी. "उजवी म्हणजे ह्या पौषात घरी ये," आतोबांचा आवाज आला, "डावी म्हणजे राहा तिथंच." तांबूने डावीकडे बघितलंसुद्धा नाही. उजवी हुंगली, पुन्हा पुन्हा चाटली, आणि मान खाली टाकून बसून राहिली.

"गूळ मीच लावलाय ह्या वेळी," आतोबा म्हणाले. "तू लावला होतास तेवढाच."

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"तू गेलास त्या सकाळी दावणीला मुंग्या लागल्या होत्या रे." मग ते म्हणाले, "आता दात राहिले नाहीत तिचे. आणि चाटलेलं कौलात धरत नाहीत."

मी म्हणालो, धरा आतोबा, ह्या वेळी धरा, मी रजा मागतो. फोन त्यांच्या हातात तसाच चालू राहिला. पडद्यावर अंगण, धूर, वकील, पावणी. मागून आत्याचा आवाज आला, सगळी आली ना, बेडं घाला आता, गारठा पडलाय.

"असू दे गो उघडं जरा," आतोबा म्हणाले.