रंगूबाईच्या दगडाखाली काहीच नव्हतं

माझी आई मांजर आडवं गेलं की गाडी थांबवायला लावते. मी मांजराला हॉर्न मारतो आणि पुढे जातो. एवढं सांगितलं म्हणजे माझी जातकुळी कळेल. सिव्हिल इंजिनिअर आहे, मूळचा लातूरचा, सध्या नांदेडला भाड्याने राहतो. दहा वर्षं रस्त्यांच्या कामावर आहे, आणि या दहा वर्षांत रस्त्यात येणारे म्हसोबा, पीर, सटवाई, सगळ्यांना रीतसर नारळ फोडून बाजूला सरकवलं आहे. कुणी कधी स्वप्नातसुद्धा आलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते जेवताना करमणूक म्हणून... आज स्वतःच लिहायला बसलोय, तर जरा विचित्र वाटतंय.

गेल्या मार्चमधली गोष्ट. अहमदपूरच्या बस स्टँडपासून बारा-तेरा किलोमीटरवर एका गावाजवळ आमचं रुंदीकरण चालू होतं. गावाचं नाव देत नाही. गावाच्या अलीकडे एक ओढा आहे, ओढ्याच्या काठाला डाव्या हाताला एक कडुलिंब, आणि त्या लिंबाखाली एक उभा दगड... कमरेएवढा, शेंदूर नाही, नाव नाही. गावकरी त्याला ‘रंगूबाईचा दगड’ म्हणायचे.

रंगूबाई तमाशात होती. वगात राणीचं काम तीच करायची. गावात आबा म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं,

“लई नाव होतं सायेब तिचं. ती यायची म्हटलं की चार तालुक्याची माणसं ट्रॅक्टर भरून यायची. आमच्या जत्रेत अंगात ताप असताना उभी राहिली. वग संपवला, तंबूत जाऊन पडली... सकाळी उठलीच न्हाई.”

“मग इथे ओढ्याकाठी का पुरलं? गावाला स्मशानभूमी नव्हती?”

आबांनी पायातली चप्पल मातीत घासली. “होती की. पन तमाशातली बाई... तवाचे लोक तसेच होते. फडाला दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचं होतं. मी आन् अजून तिघं होतो, आमीच खड्डा खांदला.”

हे सगळं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. आता तो लिंब आणि दगड दोन्ही आमच्या नव्या रस्त्याच्या पट्ट्यात येत होते. मी ठरवलं, कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्यासमोर अवशेष काढायचे आणि त्यांच्या हवाली करायचे. एका जुन्या ढोलकीवाल्याकडून रंगूबाईच्या मुलीचा नंबर मिळाला. सुनंदाताई. धर्माबादला अंगणवाडीत आहेत. फोनवर मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला कुठं ठेवलं ते मला आजवर माहीत नव्हतं, दादा. मी नऊ वर्षांची होते. फडातल्या बायांनी मला ट्रकमध्ये बसवून ठेवलं होतं. नंतर मावशी येऊन घेऊन गेली.”

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता सुनंदाताई आल्या. एकट्याच. हातात लाल कापडाची घडी, पिशवीत अगरबत्ती. आबा आले, गावातले चार-पाच जण आले. दोन मजुरांनी टिकाव-फावड्याने दगडाखाली खणायला सुरुवात केली. यंत्र लावायचं नाही असं मीच सांगितलं होतं.

तीन फूट गेलं. चार फूट. साडेपाच फुटांवर काळी माती संपून पिवळी मुरमाड माती लागली. मी खड्ड्यात उतरून पाहिलं. त्या भागातली माती मला कळते... ती जागा कधी कुणी खणलेलीच नव्हती. थर जसेच्या तसे. पण हे त्या बाईंसमोर कसं बोलायचं?

आबा म्हणाले, “काळी माती हाय बाई. इतक्या वर्सात हाडाची बी माती झाली असंल.”

सुनंदाताईंनी मान हलवली. खाली वाकून त्या खड्ड्यातली दोन मूठ माती लाल कापडात बांधली, अगरबत्ती लावली, आणि माझ्या जीपमध्ये जाऊन मांडीवर ते गाठोडं घेऊन बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी ऑपरेटरला खूण केली... पट्टा साफ करायला घे.

आमचा जेसीबी ऑपरेटर सुखदेव. झारखंडचा, वय पंचवीस-सव्वीस. आमच्याकडे येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधी तो महाराष्ट्रात कधीच आला नव्हता. मराठी त्याला ‘पाणी’ आणि ‘जेवण’ एवढीच यायची. तो सकाळी खणण्याच्या ठिकाणी नव्हता, पलीकडे मुरमाच्या ढिगावर काम करत होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर याच गोष्टी मी शंभर वेळा तपासल्या.

दगडापासून ओढ्याच्या बाजूला, मी नंतर टेपने मोजलं, एकोणीस फुटांवर त्याने बकेट लावलं. तिथे काहीच नव्हतं. तरवडाची झुडपं, थोडं गवत, सपाट जमीन. पहिली ओढ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी बकेट जमिनीत रुतवलं आणि मशीन एकदम थांबलं. सुखदेव उडी मारून खाली उतरला आणि पोटावर झोपून बकेटखाली बघायला लागला.

मी धावलो. “क्या हुआ?”

“साब, नीचे कोई औरत है!”

मी पण वाकलो. दोघांनी मिळून सगळ्या बाजूंनी पाहिलं. मजुरीवरच्या बायका मोजल्या... सगळ्या लिंबाखाली बसलेल्या. कुणीही जवळपास नव्हतं.

“कोई नहीं है. चल, शुरू कर.”

तो पुन्हा चढला. बकेट थोडं वर घेतलं, परत टेकवलं... आणि पुन्हा थांबला. या वेळी तो उतरला नाही. दोन्ही हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवले होते. दुपारचे बारा वाजलेले, ऊन मी म्हणत होतं, आणि या पोराच्या ओठांवरचा रंग उडालेला.

“मैं नहीं करूँगा साब. वो फिर बोली.”

आता मला राग आला. आधीच काम आठ दिवस मागे होतं. शिवाय गावकरी बघत होते... एकदा का असली गोष्ट पसरली की त्या जागेवर कुणी मजूर येत नाही. मी त्याला खाली उतरवलं, त्याला जाऊन पाणी पी म्हटलं, आणि स्वतः केबिनमध्ये चढलो. मशीन मला चालवता येतं, सफाईने नाही पण येतं. इंजिन चालूच होतं. मी बकेट वर उचललं, दात खाली केले.

समोरच्या काचेतून मला जीप दिसत होती. सुनंदाताई खाली उतरून सुखदेवला पाण्याची बाटली देत होत्या. बाई अंगणवाडीतल्या, समोर घाबरलेलं पोर दिसलं की हात आपोआप पुढे होत असणार. त्या त्याला काहीतरी विचारत होत्या, तो सांगत होता. मी लिव्हर ओढायला घेतला.

आणि त्या पळत सुटल्या. गाठोडं हातातून पडलं, पदर पडला, कशाची शुद्ध नाही... सरळ बकेटच्या खाली येऊन उभ्या राहिल्या. मी जिवाच्या आकांताने लिव्हर सोडला. बकेट त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर हेलकावत थांबलं. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो.

“ताई, वेड लागलं का तुम्हाला? मेला असता आत्ता!”

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. मागून आलेल्या सुखदेवकडे बघत होत्या. “बाळा, पुन्हा म्हण. काय म्हणाली ती? फिर से बोलो.”

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. मग अडखळत, एकेक अक्षर जपून, लहान पोरगं पाठांतर म्हणतं तसं म्हणाला,

“पदर... सोड गे... चिमे. घंटी जाली.”

“इसका मतलब पता है?” मी विचारलं.

“नहीं साब.”

सुनंदाताई मटकन खाली बसल्या, त्या गवतात, जिथे बकेटचे दात रुतले होते तिथेच. बोलल्या तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

“चिमी मी. वग सुरू व्हायच्या आधी मालक पितळी घंटा वाजवायचे. मी पडद्यामागं आईचा पदर धरून ठेवायची, सोडायचीच नाही. मग ती म्हणायची... रोज म्हणायची. ‘पदर सोड गं चिमे, घंटी झाली.’”

मी आयुष्यात पहिल्यांदा साइटवर काय करायचं ते न सुचून नुसता उभा राहिलो.

त्यांनी मातीवर हात ठेवला. “इथं खणा. हातानं. आणि दादा, ती असेल तर डाव्या हातात लोखंडाची पट्टी असेल. उदगीरला वावटळीत तंबूचा खांब पडला होता अंगावर. लातूरला ऑपरेशन करून पट्टी घातलेली.”

मी मजुरांना बोलावलं. दोघेही तयार होईनात. शेवटी मी फावडं घेतलं, तेव्हा आबा पुढे आले. सत्तरीचा माणूस, धोतर खोचून खड्ड्यात उतरला. “मी खांदला होता, मीच काढतो.”

पाऊण तास लागला. वरची माती भुसभुशीत निघत होती, मिसळलेली, एकदा उकरून परत लोटलेली असते तशी. साधारण चार फुटांवर हाडं लागली. आबा थांबले. मी खाली उतरून बोटांनी माती काढली. हाताचं हाड होतं, डाव्या बाजूचं, आणि त्यावर वीतभर लांबीची धातूची पट्टी, सहा स्क्रू. काळवंडलेली, पण जशीच्या तशी.

मी पट्टीवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं. सुनंदाताईंनी फक्त मान हलवली.

खड्ड्याच्या काठावर बसून आबा तोंड झाकून रडत होते. म्हणाले, “पुढल्याच पावसाळ्यात वढ्याला पूर आला सायेब. दगड वाहून गेला. आमी दोन साल तसंच सोडलं. मग जत्रेत नारळ फोडायला जागा पायजे म्हनून अंदाजानं लिंबाखाली उभा केला. हे कुनालाच सांगितलं न्हाई. ते तिघं बी आता न्हाईत. जागा मला बी ठावी नव्हती, खरं सांगतो... देवाशपथ न्हाई.”

मग डोळे पुसून ते सुनंदाताईंना म्हणाले, “बाई, आता आमच्या गावच्या स्मशानात घेतो. मी सगळ्यांना सांगतो. कुनी न्हाई म्हननार न्हाई.”

सुनंदाताईंनी शांतपणे लाल कापड झटकलं, सकाळची माती तिथेच ओढ्याकाठी सांडली, आणि एकेक हाड त्यात ठेवू लागल्या. “नको आबा. तेव्हा द्यायला हवं होतं. आता नको. आता ती माझ्याजवळ राहील.”

त्याच दिवशी मी त्यांना जीपने धर्माबादला सोडलं. त्यांच्या नवऱ्याच्या शेताच्या बांधावर, बोरीच्या झाडाजवळ रंगूबाईला ठेवलं. मी, त्या, त्यांचा नवरा आणि सुखदेव. त्याने स्वतः येतो म्हटलं होतं. वर त्यांनी नावाची फरशी बसवली, खाली लिहिलं, ‘कलावंत’.

आता माझ्यातला इंजिनिअर. दगड चुकीच्या जागी का होता, ते कळलं. पोकळ मातीत बकेट वेगळं रुततं, अनुभवी ऑपरेटरच्या हाताला ते जाणवू शकतं, तेही मान्य. पण ते वाक्य? मी सुनंदाताईंना विचारलं... सकाळपासून तुम्ही हे कुणापाशी बोलला होतात का? फोनवर कुणाला? त्या म्हणाल्या, “दादा, हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आठवलं की जीव कासावीस व्हायचा म्हणून मी ते आठवायचेच नाही.” सुखदेवचा आणि त्यांचा त्याआधी एक शब्दही झाला नव्हता. फडातलं कुणी आसपास नव्हतं. आणि इंजिनाच्या त्या आवाजात शेजारी उभं राहून ओरडलेलंही धड ऐकू येत नाही.

महिनाभराने सुखदेव गावाकडे परत जायला निघाला. नांदेड स्टेशनवर त्याला सोडायला गेलो तेव्हा मी फोन काढला, म्हटलं, ते वाक्य एकदा रेकॉर्ड करून घेऊ. तो विचार करत राहिला. मग ओशाळून हसला. “याद नहीं आ रहा साब. आप बोलो, क्या था?”

मी नाही सांगितलं. फक्त विचारलं, “आवाज कैसी थी? गुस्से में थी क्या?”

गाडी लागली होती. तो बॅग उचलून दारात चढला, वळला.

“नहीं साब, गुस्सा बिल्कुल नहीं. जैसे... जल्दी में थी. और रोना रोक रही थी.”

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर कळवा. सुनंदाताईंना मात्र मी हे शेवटचं अजून सांगितलेलं नाही.