चौथ्या चौकटीतला तरोटा

देवळीहून माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा मी जाम गावी, सासरच्या घरी, तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी पानं निवडत बसले होते. "दादा गेले," एवढंच तो बोलला. पानं सुपातच राहिली... माझा थोरला भाऊ, देवळीच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर. नंतर महिनाभर ती भाजी माझ्याच्यानं शिजवली गेली नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी, लग्नाआधी, मी त्याच्याकडेच राहत होते. गाजरगवतानं तेव्हा नुसता उच्छाद मांडला होता. लोक उपटायचे, अंगाला खाज सुटली की शिव्या घालायचे. दादाची तऱ्हाच निराळी! मोडक्या खाटांच्या लाकडांच्या त्यानं चार चौकटी केल्या, घरामागच्या पडीक जागेत मांडल्या, आणि शाळेतून आला की उकिडवा बसून, आत कोण कोणाच्या शेजारी उगवलं ते वहीत लिहायचा.

"काऊन रे, गवताले काय पाहून राह्यला? चहा थंड झाला ना!" मी ओरडायची.

"सुमे, पाह्य तं. तरोटा दाट असला का हे गाजरगवत तिथं वरतं येतच नाई. शेजार पाहून वागते थे."

हे त्याला पक्कं करायचं होतं. चारही चौकटींतल्या तरोट्याला हंगामभर हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलंही होतं. पण माझं लक्ष असेल तर शपथ! एक दिवस घरात भाजी नव्हती, आणि मागच्या दारी, चौथ्या चौकटीत, एवढा लुसलुशीत तरोटा... खुडला मी. कांदा, लसूण, मुगाची डाळ घालून केला. दादा एक भाकर जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी तो चौकटीपुढे उकिडवा बसला.

"बकऱ्या शिरल्या असतीन," तो म्हणाला. मी मान डोलावली. दसऱ्यापर्यंत तिथं गाजरगवत कमरेला लागलं. त्याची मेहनत मी वाया घालवली, हे दर भाऊबीजेला ओठांवर यायचं आणि राहून जायचं.

तेरवीनंतर त्याच्या खोलीत ती वही सापडली. खुंटीवर एक चौकटही होती. वहीत त्याचं बारीक अक्षर: "चौकट चार. तरोटा सुमीने खुडला. भाजी फक्कड. मोकळ्या जागेत गाजरगवत आले, बाकी तिन्हींत नाही. हवे होते ते कळले. तिला बोलू नये, रडत बसेल."

बसले की रे दादा, तुझ्याच खाटेवर बसून रडले.

चौकट मी जामला आणली, परसात मांडली. आत तरोटा दाट आलाय. काल शेवटी भाजी केली... चौकटीबाहेरच्या तरोट्याची.