कागदावर नसलेलं वाजवायचं कसं?

आज दुपारी माझी नात रिया व्हायोलिनच्या क्लासवरून रडतच आली. "आजी, मी जॅझ सोडते. सर म्हणतात, मनातलं वाजव. माझ्या मनात काही येतच नाही!"

मंडळी, मला पन्नासच्या दशकातले आमचे मास्तर आठवले. मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवायचे, सुट्टीत वसईला आले की आम्हा पोरींना ओटीवर व्हायोलिन शिकवायचे. आम्हीही अशाच कागदावरच्या सुरांना चिकटलेल्या.

एकदा ते म्हणाले, "क्रुसासमोर लदीनची प्रार्थना गाता ना? त्यातली संतांची नावं मी घेतो. तुम्ही 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', एवढंच वाजवा. पण दर वेळी थोडं वेगळं."

आई आतून ओरडली, "मास्तर, प्रार्थनेचा तमाशा नको हां!"

"बाय, पोर तापाने फणफणलं असताना आणि लेकीचं लग्न ठरल्यावर तुम्ही एकाच सुरात विनंती करता?"

दुसऱ्या दिवशी आई सूप घेऊन तांदूळ निवडायला ओटीवरच बसली.

आज मी रियाला तसंच समोर बसवलं. मी नावं गात गेले, ती व्हायोलिनवर उत्तरं देत गेली. सगळी सारखीच! मग, देव मला क्षमा करो, संतांच्या मध्येच मी तिच्या गेलेल्या आजोबांचं नाव घेतलं.

त्यावर रियाने जे वाजवलं, ते ऐकून पुढच्या संताऐवजी मी पुन्हा त्यांचंच नाव घेतलं.

तुमच्या गावात क्रुसासमोर अजून लदीन गातात का हो? आम्हा दोघींना यायचंय.